ऐकू येणारी शाळा

आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष कुशाबजी पटले चार वर्षांत एकदाही शाळेच्या उंबरठ्याच्या आत आले नाहीत. तरीही आत काय चाललं आहे ते त्यांना रोज कळायचं आणि त्याबद्दल रोज निरोप यायचा. कुशाबजी शाळा कानांनी तपासत.

आमचं गाव आमगावहून दोन कोस आत, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तालुक्याच्या जनपद सभेने शाळा मंजूर केली तेव्हा गावात रिकामी जागा नव्हती. कुशाबजींनी घराला लागून असलेली धानाची जुनी कोठी रिकामी करून दिली. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मी दिलं नसतं तरी त्यांनी ते घेतलं असतंच. मधे एक मातीची भिंत. पलीकडे त्यांचं घर आणि अलीकडे पहिली, दुसरी, तिसरी, आम्ही दोन मास्तर, त्यांतला मी हेडमास्तर, आणि कोठी सोडायला तयार नसलेले उंदीर.

माणूस उंच, काटकुळा, खांद्यावर दुपट्टा, गालात तंबाखूचा गोळा. जनपद सभेचे सभासदही तेच. म्हणजे शाळेला खडू हवा तरी त्यांच्याकडे जायचं आणि भिंत हवी तरी त्यांच्याकडेच. दिवसभर ओसरीवर बसलेले असत आणि त्यांचा म्हातारा गडी सुकलू निरोप घेऊन माझ्याकडे खेपा घालत असे.

पहिल्याच आठवड्यात मी शुद्धलेखन घातलं. पोरं माना खाली घालून लिहीत होती, मला जरा बरं वाटत होतं, तेवढ्यात सुकलू दारात. "मालक विचारून राह्यले, शाळा सुटली का?"

"सुटली नाही. लिहिताहेत."

तो गेला आणि परत आला. "मालक मनते, लिहाले हरकत नाही, पन तोंडानं लिहा."

मी तणतणत ओसरीवर गेलो. कुशाबजींनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, "शाळा मंजे आवाज जी. ऐकू आली त शाळा. नाही त कोठी होतीच ना पयले."

वरिष्ठ माणूस, जागा त्याची, खडू त्याच्या हातात. तेव्हापासून आमच्या शाळेत शुद्धलेखनसुद्धा ओरडून होऊ लागलं.

निरोप तरी किती नेमके असावेत. "काल सवायकी गाळली काऊन?" सव्वाचा पाढा गाळला होता खरा, बुधवारचा बाजार होता आणि मला लवकर निघायचं होतं. "दुसरीतलं एक पोरगं सात साते सत्तेचाळीस मनते, त्याले सांगा." तेही खरं निघालं. एकदा निरोप आला की तिसरीतली घोगऱ्या आवाजाची पोरगी ऐकू येत नाही. गिरजा नावाची ती मुलगी घरी धाकट्या भावाला सांभाळायला राहिली होती. मी तिच्या बापाला समजावून थकलो होतो. कुशाबजी स्वतः जाऊन तिला घेऊन आले, आणि भावालाही. भाऊ वर्षाचा. त्याला उंबरठ्याबाहेरूनच माझ्या हातात दिलं. तो जो रडायला लागला तो शाळा सुटेपर्यंत. ओसरीवरून तक्रार आली नाही. आवाज वाढला होता ना.

एकदा डिप्टीसाहेब तपासणीला आले. कानांत बोटं घालायची तेवढी बाकी ठेवली त्यांनी. हल्लीची पद्धत वेगळी आहे, वर्गात शांतता हवी, असं त्यांनी मला पोरांसमोर सुनावलं. मी त्यांना घेऊन सरळ ओसरीवर गेलो. म्हटलं, हे इथे सांगा. कुशाबजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुपचाप त बैलबी बसते साहेब. त्याले कोनता पाढा येते?" साहेब माझ्याकडे बघत राहिले, जणू उत्तर मी तयार करून दिलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी.

हे सगळं मी सोसलं असतं. पण प्रश्न चौथीचा आला. एका खोलीत चौथी मंजूर होत नव्हती. तिसरी झाली की पोरं आमगावला जातील असं कागदावर धरलेलं होतं, प्रत्यक्षात ती ढोरांमागे जात. खूप अर्जविनंत्या केल्यावर जनपद सभेने दोन खोल्यांची इमारत मंजूर केली. अट एकच: जागा गावाने द्यायची, होळीच्या आत. नाही तर इमारत दुसऱ्या गावाला.

जागा एकच धड होती. तलावाच्या वरची बरडी, उंच, कोरडी, रस्त्याला लागून. ती कुशाबजींच्याच घरची. मी ती सुचवली आणि कुशाबजी म्हणाले, "आवाज पाहून घेऊ."

आवाज पाहणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी पोरांना घेऊन त्या जागेवर उभं राहायचं, पोरांनी जीव खाऊन बारकी, म्हणजे बाराचा पाढा, म्हणायची. कुशाबजी घरी. ऐकू आलं तर सुकलू मधल्या बांधावरून दुपट्टा हलवणार. बरडीवर आम्ही घसे फोडले. दुपट्टा काही हलला नाही. मग तलावाची पाळ झाली, मग देवळामागचा उकिरडा, मग घराजवळची एक बांधी, जिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं आणि तेव्हाही चिखल होता. तिथे दुपट्टा जोरजोरात हलला. धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून बघत होत्या. हेडमास्तरचं डोस्कं फिरलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

"त्या चिखलात शाळा बुडेल," मी म्हटलं.

"मंग राहू द्या कोठीतच. काय वाईट आहे?"

दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी तोंडावर आली. एका दुपारी माझा संयम सुटला. राजीनामाच तोंडावर फेकावा असं ठरवून मी ओसरीवर गेलो, तर तिथे कोणी नाही. मी तिथूनच ओरडलो, "कुशाबजी, तुम्हाला चौथी नकोच आहे, हे एकदा सरळ सांगा."

आतून एका बाईचा आवाज आला. "मास्तर आले जी. आत बलावा त्यायले."

घरात आजारी बायको आहे एवढं ऐकून होतो. आत गेलो. माझ्या कोठीच्या भिंतीला चिकटून खाट होती, खाटेवर वहिनी, उशाशी भिंतीत एक झरोका. तो झरोका मी पलीकडून रोज पाहत होतो. उंदरांचा समजत होतो. कुशाबजी खाटेशेजारी जमिनीवर बसले होते.

"बसा मास्तर," वहिनी म्हणाल्या. "सवायकीचं मीच सांगतलं होतं यायले. यायले काय समजते? हे त दुसरीतूनच शाळा सोडून पराले."

कुशाबजी खाली बघत म्हणाले, "कमरेखाली अंग गेलं हिचं, लय वर्सं झाले. पोर नाही, बाळ नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडे, कोनाशी बोले नाही. कोठीत पोरं आली अन् ही बोलाले लागली जी."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. वहिनींनीच विचारलं, चौथीचं काय झालं. मी सगळं सांगितलं: इमारत, होळीची अट, बरडी.

"बरडी?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "ते त माह्या बापानं माह्या नावानं देल्ली. मले काऊन नाही सांगतलं तुमी?"

"तिथून तुले ऐकू येत नाही. पाहून झालं."

वहिनी म्हणाल्या, "गिरजा तिसरीत आहे. चौथी नाही झाली त ढोरामागं जाईन. मंग कोठून ऐकू मी तिले? बरडीवरच्या शाळेत गेली तरी ऐकू येत नाही, रानात गेली तरी नाही. त शाळेतच जाऊ द्या ना."

कुशाबजींनी दुपट्टा तोंडावर घेतला आणि बराच वेळ तो काढला नाही.

पुढचं भराभर झालं. जनपद सभेत भांडून कुशाबजींनी छपराला कवेलू आणि सागाची दारं मिळवली, गावाने माती वाहिली, पावसाळ्याआधी शाळा बरडीवर गेली. चौथी भरली. कोठीत पुन्हा धान भरलं गेलं.

मला वाटलं, आता तरी सुटलो. कसचं काय. ज्या माणसाने चार वर्षं उंबरठा ओलांडला नव्हता तो आता रोज शाळा सुटायच्या आधी बांधावरून येई, चौथीच्या टाटपट्टीवर मांडी घालून बसे आणि आज काय काय झालं ते मला पहिल्यापासून सांगायला लावी. कोणता पाढा, कोणाचं चुकलं, कोण रडलं. निम्म्या वाटेवरून परत येई. "त्या नदीचं नाव काय सांगतलं जी?" माझी संध्याकाळ दररोज अशी जायची. सांगून सांगून मी वैतागून गेलो होतो.

एकदा असाच चरफडत घरी निघालो असताना त्यांच्या परसाच्या कुंपणाशी आतला आवाज ऐकू आला. कुशाबजी बारकी म्हणत होते. नुसती नाही, गिरजाच्या घोगऱ्या आवाजात म्हणत होते, मग कोणा बारक्याच्या किनऱ्या आवाजात. मधेच अडकले. वहिनींनी पुढचं सांगितलं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. एवढा जनपद सभेचा सभासद, आणि रडणाऱ्या पोराचं रडणंसुद्धा सोडलं नाही त्यांनी.

मग त्यांनी माझा आवाज काढला. नाकातून, चिडून, "अरे गाढवा, परवाच सांगितलं होतं ना," असं. मी असा बोलतो हे मला माहीत नव्हतं. वहिनी हसत होत्या, हसता हसता धाप लागली तरी थांबत नव्हत्या, आणि कुशाबजी मला आणखी चिडलेला करून दाखवत होते. त्यांची ती शाळा सुटेपर्यंत मी कुंपणाशी उभा राहिलो.