एक विद्यार्थी, एक पडदा

ज्ञान वाटल्याने वाढतं, असं आपले पूर्वज सांगून गेले. कसं वाटायचं, ते मात्र सांगायचं राहिलं. ही उणीव आमच्या कृषी तंत्र विद्यालयाने भरून काढली. जानेफळहून मेहकरकडे निघालं की एक पिवळी इमारत लागते (रंग दर्शनी बाजूलाच आहे, मागून पाहायला येतं कोण?), तेच आमचं विद्यालय. मी तिथला वरिष्ठ लिपिक आणि ‘द्विपटल वाचनयंत्र संनियंत्रण समिती’चा सदस्य-सचिव. म्हणजे समितीत काम करणारा एकटा.

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीला समाजसेवेचा उमाळा आला आणि तिने आम्हाला चाळीस टॅबलेट दिले. साधेसुधे नव्हेत. दोन मोठाले पडदे, मध्ये बिजागरी. उघडलं की पुस्तक उघडल्यासारखं: डाव्या पडद्यावर डावं पान, उजव्यावर उजवं. सगळी पाठ्यपुस्तकं आत भरलेली. संस्थेचे अध्यक्ष महादेवराव यांनी नारळ फोडला, चाळीसही यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, आणि पडद्यांवरचं प्लास्टिक काढू नये असा ठराव क्रमांक एक टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. (माझ्या घरी सोफ्याचं प्लास्टिक अकरा वर्षं झाली काढलेलं नाही. वस्तूची कदर यालाच म्हणतात.) प्लास्टिकमधून अक्षरं जराशी धुरकट दिसतात. पण ज्ञान एकदम लख्ख दिसलं तर पोरं शेफारतात.

ठराव क्रमांक दोननुसार ग्रंथालयातली सहाशे बारा पुस्तकं कालबाह्य ठरवून रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढवली. सगळं टॅबलेटमध्ये आहे म्हटल्यावर उंदरांना किती दिवस पोसायचं?

घोडं अडलं ते कंपनीला पाठवायच्या अहवालापाशी. अहवालात एक रकाना होता: ‘लाभार्थ्यांची टक्केवारी’. यंत्रं चाळीस, विद्यार्थी ऐंशी. मी प्रामाणिकपणे पन्नास टक्के लिहिलं. प्रामाणिकपणाची मला अधूनमधून अशी उबळ येते. महादेवरावांनी कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पन्नास? शंभर काऊन नाही बे?”

“साहेब, यंत्रंच चाळीस आहेत.”

“यंत्र सोड. पडदे किती हायेत?”

“ऐंशी.”

“अन् पोट्टे?”

“ऐंशी.”

“मंग रडून काय राह्यला? एका पोराले एक पडदा! लिव्ह शंभर टक्के!”

मोठी माणसं मोठी का असतात, ते मला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं मी आकडे जुळवतोय, पण आकड्याला मधोमध चिरायचं मला कधी सुचलं नाही.

वाटप हजेरीच्या क्रमाने झालं. विषम क्रमांकाला डावा पडदा, सम क्रमांकाला उजवा. ज्याचा पडदा त्याची सही, ज्याची सही त्याची जबाबदारी. दुसऱ्याच्या पडद्यावर नजर टाकणं म्हणजे शासनाने न दिलेला लाभ घेणं (खरं तर कंपनीने, पण शासन म्हटलं की वचक बसतो), म्हणून बिजागरीवर पुठ्ठा उभा केला. पडदा आयुष्यभरासाठी तोच. बदलला तर नोंदवही नासते. शेजाऱ्याचं पान तोंडी ऐकणं हा कॉपीचाच प्रकार असल्याचं प्राचार्यांनी स्वतः वर्गावर्गात फिरून समजावलं.

पहिल्या तिमाहीत मान पुठ्ठ्यापलीकडे वळवल्याबद्दल एकतीस ज्ञापनं निघाली. त्यातली चौदा एकट्या धम्मशीलेला.

ही धम्मशीला म्हणजे मजुरी करणाऱ्या जनकाबाईची मुलगी. हजेरी क्रमांक सतरा, म्हणून पडदा डावा. तिच्या शेजारी क्रमांक अठरा, ज्ञानेश्वर, पडदा उजवा. विषय पीकसंरक्षण. आता हे पुस्तक लिहिणाऱ्या शहाण्याने मांडणी अशी केली होती की डाव्या पानावर रोग आणि उजव्या पानावर त्याचा उपाय. पुस्तक तीनशे बारा पानांचं. तिच्या वाट्याला एकशे छप्पन, त्याच्या वाट्याला एकशे छप्पन. याहून समान न्याय तराजूनेसुद्धा झाला नसता. वर्षभरात चाळीस पोरं अशी तयार झाली की पिकाचं पान हातात घेताच भुरी, करपा, मर, मोझॅक असे रोग धडाधड ओळखावेत आणि मग हात जोडून उभं राहावं. उरलेल्या चाळिसांना सगळी औषधं तोंडपाठ; कशावर मारायची एवढंच ठाऊक नव्हतं.

बाकीच्यांनी हे निमूट स्वीकारलं. अर्धा अभ्यास कमी झाला म्हणून काहींनी पेढेसुद्धा वाटले. या एका पोरीला मात्र स्वस्थता नव्हती. बाजारातल्या उकंडरावांनी तिला शब्द दिला होता: पदविका घेऊन ये, माझ्या कृषी सेवा केंद्रात सल्लागाराच्या खुर्चीवर बस. तिच्या घरात खुर्चीवर बसायची नोकरी आजवर कोणी केली नव्हती. एका दुपारी ती अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

“सर, एक हप्ता मले उजव्या पडद्यावर बसू द्या ना. ज्ञानेश्वर तयार हाय.”

“नियमात बसत नाही, बाई. आणि पास व्हायला अर्धं पुस्तक पुरतं.”

“पास तर होईन, सर. पण उद्या दुकानात कोणी सडकं वांगं घेऊन आलं तं त्याले सांगू काय? रोग सांगू अन् घरी धाडू?”

माझ्या काळजात चर्र झालं, खोटं कशाला बोलू? पोरगी खरं बोलत होती आणि ऑफिसात तिघं जण ऐकत होते. मी तत्काळ अर्जावर ‘आवक’ असा शिक्का मारला. माझ्या अधिकारात होतं ते सगळं मी केलं.

अर्ज समितीकडे गेला. समितीने तो अभिप्रायासाठी प्राचार्यांकडे पाठवला, प्राचार्यांनी संस्थेकडे, संस्थेने ‘पुढे काय’ असा शेरा मारून पुन्हा समितीकडे. दरम्यान परीक्षा झाली. अर्धे प्रश्न रोगांवर, अर्धे उपायांवर. ऐंशी विद्यार्थ्यांना अठ्ठेचाळीस ते बावन्नच्या दरम्यान गुण पडले आणि पास व्हायला चाळीस पुरतात. निकाल शंभर टक्के! आमच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. पाठ्यपुस्तक पूर्ण वाचत होते तेव्हा निकाल एकसष्टच्या वर गेला नव्हता, ही गोष्ट शिक्षणतज्ज्ञांनी शांतपणे बसून विचारात घ्यावी.

उकंडराव शब्दाला जागले, पण धंद्यालाही जागले. एका खुर्चीसाठी त्यांनी दोघांना आठ दिवस पारखायला ठेवलं: धम्मशीला आणि ज्ञानेश्वर. मी बियाणं घ्यायला गेलो होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. एक म्हातारा किडलं वांगं घेऊन आला. धम्मशीलेने वांगं फोडलं, आतली अळी दाखवली, नाव सांगितलं, ती शेंड्यात कधी शिरते आणि फळात कधी उतरते तेही सांगितलं.

“औषध कोणतं देऊ पोरी?”

“काका, औषधाचं पान मी वाचलेलं नाही. उद्यापर्यंत विचारून पक्कं सांगीन. आज उगाच काही नेऊ नका.”

तेवढ्यात ज्ञानेश्वरने वांग्याकडे न बघता दोन डबे आणि वरून एक टॉनिक काउंटरवर आपटलं. “घ्या काका. जोरदार हाय. आजच मारा.” म्हातारा खूश होऊन गेला. जाताना म्हणाला, “पोरगा हुशार हाय. पोरीले काही येत नाही.”

नवव्या दिवशी खुर्ची ज्ञानेश्वरला मिळाली. उकंडराव मला म्हणाले, “पोरगी इमानदार हाय हो, पण गिऱ्हाइकाले इमान नाही लागत, उत्तर लागते.” धम्मशीला सध्या आईबरोबर दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जाते. मागच्या आठवड्यात तिच्या अर्जावर समितीचा निर्णय झाला: विनंती मान्य. पत्र मी स्वतः तिच्या घरी नेऊन दिलं. जनकाबाईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पोचपावतीवर अंगठा उठवला.

तुम्हाला यात आमच्या खेड्याची गंमत वाटली असेल. हसा, हसा. आमची शेती नाही, आम्ही शहरात राहतो, असंही तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ज्ञानेश्वरच्या सल्ल्याने फवारलेली वांगी दर मंगळवारी टेम्पोत भरून तुमच्याचकडे येतात. फवारल्यावर किती दिवस तोडायची नाहीत, ते उपाय संपून पान उलटलं की येणाऱ्या डाव्या पानावर होतं. तो म्हातारा दुसऱ्याच दिवशी तोडतो. वांगी दिसतात मात्र झकास, एकालाही भोक नाही. गाडीवर वाकून, दाबून दाबून, तुम्ही नेमकी तीच निवडून घेता.