मापाने शिवलेला संगणक

शुक्रवारी सकाळी बाईंनी संगणकाचं बटण दाबलं, आंघोळ उरकली, केस विंचरले, चहा केला, प्यायला, कप विसळून ठेवला आणि परत येऊन पाहिलं, तर पडद्यावरचं ते पांढरं चक्र अजून गरगरतच होतं.

“सोमवारी अकरा वाजता हे असंच फिरत बसलं, तर मी काय करायचं?” त्यांनी विचारलं.

प्रश्न पलीकडच्या खोलीला होता. त्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं लांबलचक टेबल आणि टेलरमास्तर, म्हणजे बाईंचे यजमान, असा संसार होता. बाई बावीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवत होत्या आणि आता तिथली मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती. सोमवारी मुलाखत, तीही संगणकावरून. मोबाइल चालणार नाही असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कारण नव्या वर्षाचं वेळापत्रक पडद्यावर मांडून दाखवायचं होतं. मागच्या खेपेला ही जागा बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या एका माणसाला मिळाली, तेव्हा बाई कुणाला एक शब्द बोलल्या नव्हत्या. फक्त दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मास्तरांच्या ते चांगलं लक्षात होतं.

“मी ताईकडे जाऊनच देते मुलाखत,” बाई म्हणाल्या. “भावजींचा संगणक नवा आहे.”

“बायकोची मुलाखत साडूच्या घरून? आणि मी काय इथे काजं-बटणं करत बसू?” मास्तर गळ्यातली इंचटेप सरळ करत बाहेर आले. “रविवारी संध्याकाळपर्यंत तुझा संगणक वाऱ्यासारखा पळायला लागेल. माझा शब्द आहे.”

मास्तरांचा शब्द हा एक स्वतंत्र विषय आहे. पॅंटच्या बाबतीत तो कधी खाली पडलेला नाही. बाकीच्या बाबतीत न बोललेलं बरं.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले एक गृहस्थ पॅंटच्या ट्रायलला आले होते. कंबरेत टाचण्या लावून घेता घेता ते म्हणाले, की संगणकातही दोन प्रकार असतात. एक रेडिमेड. सगळ्या जगाला एकच माप, कुणाला ढगळ, कुणाला घट्ट. दुसरा म्हणजे लिनक्स नावाच्या प्रणालीची एक जात, तिच्यात नुसतं कापड मिळतं. प्रोग्रामांचा मूळ मजकूर घ्यायचा, आपल्या यंत्राचं माप सांगायचं, नको ते वगळायचं आणि एकेक प्रोग्राम घरच्या घरी बांधून काढायचा. रेडिमेड हा शब्द ऐकला तरी मास्तरांचं डोकं उठायचं. त्यात असं काही कानावर पडल्यावर ते थोडेच स्वस्थ बसणार? गृहस्थांची पॅंट त्यांनी एका दिवसात हातावेगळी केली आणि बदल्यात एक पेनड्राइव्ह आणि छापलेल्या पानांचा एक जाडजूड गठ्ठा मिळवला.

“वाचून करा हं, मास्तर,” गृहस्थ म्हणाले होते. “एक ओळ चुकली की सगळं उसवावं लागतं.”

“तीस वर्षं उसवतोच आहे,” मास्तर म्हणाले होते.

शुक्रवारी दुपारी त्यांनी बाईंचे कागद दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवले आणि संगणकातलं सगळं पुसून तो कोरा केला. आता मागे फिरायची सोय उरली नाही, हे त्यांनी बाईंना मोठ्या उत्साहात सांगितलं. बाईंनी वह्या तपासायला घेतल्या.

मग आलं वगळायचं काम. गठ्ठ्यात लिहिलंच होतं, जे लागणार नाही ते काढून टाका, यंत्र हलकं होतं. मास्तरांना हा सल्ला फारच पटला. त्यांनी बायकोसमोर वही घेऊन बैठक मांडली, अगदी गिऱ्हाइकाला खिसे किती, प्लेटा किती विचारतात तशी.

“छपाई लागते?”

“शाळेत होते.”

“काढली. खेळ?”

“मी खेळू आता?”

“काढले. यावर गाणी ऐकतेस का कधी?”

“गाणी ऐकायला मला वेळ कुठाय?” बाईंनी एका वहीवर लाल शेरा मारला.

“मग ते आवाजाचं झेंगटच नको,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी त्या ओळीवर काट मारली. “कॅमेरा मात्र ठेवलाय. तुझा चेहरा दिसायला हवा समितीला.”

बाईंना हे ऐकून बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्याविषयी मास्तर आपण होऊन पहिल्यांदाच बोलले होते. त्या भरात बाकीचं त्यांनी नीट ऐकलं नाही.

काम सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. मास्तर हातावर हात ठेवून पाहत राहिले. संध्याकाळी त्यांनी हिशेब केला तेव्हा कळलं, की या गतीने शेवटची टीप पडायला पुढचा गुरुवार उजाडेल. संगणक म्हातारा होता. त्याला दम लागत होता आणि त्याच्यावरची हवा गरम झाली होती. दुसरा कुणी असता तर त्याचे हातपाय गळाले असते. मास्तरांनी संगणक उघडून त्याची डिस्क बाहेर काढली, मऊ अस्तरात गुंडाळली आणि शनिवारी सकाळी साडूच्या दारात हजर झाले.

साडूंचा धंदा जाहिरातींच्या फिल्मा कापून जोडायचा. त्यांच्याकडचा संगणक लोखंडी कपाटाएवढा होता आणि त्याच्या आत रंगीत दिवे लागायचे. साडू मुळात मोजकं बोलणारे.

“किती वेळ?” त्यांनी विचारलं.

“कापड माझं, मशीन तुमचं. संध्याकाळपर्यंत मोकळं करतो,” मास्तर म्हणाले.

गठ्ठ्यात एक ओळ होती, जिथे यंत्राचं माप लिहायचं होतं. शेजारी बारीक अक्षरांत सूचना होती: माप माहीत नसेल तर अमुक एक शब्द लिहा, मग यंत्र स्वतःच स्वतःचं माप घेईल. मास्तरांना यंत्राचा हा समंजसपणा भलताच आवडला. गिऱ्हाइकं अशी वागली असती तर काय हवं होतं. त्यांनी तो शब्द टाकला, सोळा कामं एकदम लावली आणि साडूंच्या खुर्चीत बसून साडूंच्याच चहाचा घोट घेतला. दिवे लाल झाले, पंखे घोंगावू लागले. दिवेलागणीला सगळं शिवून तयार होतं. “याला म्हणतात काम,” मास्तर म्हणाले. साडूंनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नाही, हे सांगणं कठीण.

रविवारी सकाळी मास्तरांनी डिस्क घरच्या संगणकात बसवली, बाईंना खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. दुसरीत लिहिलं होतं, की बेकायदा सूचना मिळाली आहे. मग संगणक बंद पडला.

“बेकायदा म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“पहिली ट्रायल आहे. पहिल्या ट्रायलला बाही ओढतेच,” मास्तर म्हणाले. त्यांनी वायर काढून लावली, डिस्क काढून लावली, ब्रशने धूळ झटकली, मशीनचं तेलही आणलं होतं, पण बाईंनी ते हातातून काढून घेतलं. बेकायदा सूचना जागची हलली नाही. शेवटी प्रयोगशाळेच्या गृहस्थांना फोन लावणं भाग पडलं.

“बांधणी कुठे केलीत?” गृहस्थांनी विचारलं.

“साडूकडे. त्यांचं यंत्र तगडं आहे.”

“आणि मापाच्या ओळीत काय लिहिलंत?”

“तेच, स्वतःचं माप स्वतः घे असं.”



“मास्तर,” गृहस्थ हळूच म्हणाले, “मग त्याने माप कुणाचं घेतलं?”

मास्तर उभे होते ते कापायच्या टेबलावर टेकले. तीस वर्षं. कोट, सफारी, वकिलांचे डगले, पोट सुटलेली माणसं, एक खांदा उतरलेली माणसं. एकाचं माप घेऊन दुसऱ्याला कपडा घातला, असं एकदाही झालं नव्हतं. आणि पहिल्यांदा झालं ते बायकोच्या बाबतीत. साडूच्या धडधाकट यंत्राच्या मापाचा कोट त्यांनी आपल्या म्हाताऱ्या संगणकाच्या अंगावर चढवला होता आणि वर बाही ओढते म्हणून धूळ झटकत बसले होते.

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं. त्यांच्या हातात मुलाखतीचं पत्र होतं. सकाळपासून त्याची त्यांनी चार वेळा घडी केली होती आणि चार वेळा उलगडली होती.

“थोडं ऑल्टर करायचंय,” मास्तर म्हणाले.

“मी ताईला फोन करते. तिकडूनच देते.”

बाईंनी फोन केला. तो साडूंनी घेतला आणि सांगितलं, की सोमवारी सकाळी नऊपासून त्यांच्याकडे गिऱ्हाईक बसणार आहे, खोली रिकामी नाही. एवढं मोठं वाक्य त्यांनी वर्षभरात उच्चारलं नव्हतं. बाईंनी फोन ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

पण मास्तर खचणारे नव्हेत. पेनड्राइव्हवरून म्हातारा कसाबसा जागा करून त्यांनी त्याचंच माप काढलं, वहीत लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली आणि दुपारी पुन्हा साडूंचं दार वाजवलं. साडूंनी दार उघडलं, डिस्क पाहिली आणि बाजूला झाले. सगळं उसवून नव्याने शिवायला घातलं गेलं. सोमवारी सकाळी सातला मास्तर जाऊन डिस्क घेऊन आले.

बटण दाबलं आणि संगणक चालू झाला. पांढरं चक्र दोनदा फिरायच्या आत सगळं पडद्यावर हजर. बाईंचं वेळापत्रक तर टिचकी मारताच उघडलं. इंटरनेट तेवढं हवेतून येत नव्हतं, कारण साडूंकडे सगळं वायरीवर असल्याने हवेतल्याची आठवणच झाली नव्हती. मास्तरांनी मागच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, कपाटावरून अशी लांब वायर ओढून आणली आणि कॉलर ताठ केली.

“कसं बसलंय?” त्यांनी विचारलं.

“अगदी मापात,” बाई म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

अकराच्या ठोक्याला पडद्यावर पाच जणांची समिती उमटली. मध्ये अध्यक्ष. बाईंनी नमस्कार केला. अध्यक्षांचे ओठ हलले. बाईंचेही हलले. मग सगळ्यांचेच हलले, आणि खोलीत फक्त भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत राहिली.

बाईंनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना शुक्रवारची वही आठवली. ‘आवाजाचं झेंगट.’

“गाण्यांचं विचारलं होतं मी,” ते पुटपुटले.

बाईंना भांडायला वेळ नव्हता. बावीस वर्षं ज्या बाईने गोंगाट करणाऱ्या वर्गाकडे पाठ करून फळा गाठला, तिने आताही तेच केलं. पलीकडच्या खोलीतून कोटाच्या काळ्या कापडाचा तागा आणि टेलरचा खडू आणला, मास्तरांच्या दोन्ही हातांत कापडाची टोकं दिली आणि लिहिलं: ‘आवाज येत नाही. प्रश्न लिहून दाखवा.’

पलीकडे जरा कुजबुज झाली असावी. मग अध्यक्षांनी एका फायलीच्या पाठीवर जाड अक्षरांत प्रश्न लिहून वर धरला. लिहायचं म्हटल्यावर प्रश्न आपोआप आखूड झाले. ‘शिस्त?’ एकाने विचारलं. बाईंनी लिहिलं: ‘आधी शिक्षकांना.’ ‘पालकांच्या तक्रारी?’ ‘ऐकेन. सगळ्या मानणार नाही.’ ‘गणितात नापास मुलं?’ ‘सकाळी आठला माझ्याकडे पाठवा.’ वेळापत्रक त्यांनी पडद्यावर झरझर मांडून दाखवलं. मास्तर काळ्या कापडामागे हात वर करून उभे होते आणि समितीला त्यांची फक्त आठ बोटं दिसत होती. खाली टंकून बोलायची सोय होती, फोनही करता आला असता, हे दोन्ही बाजूंना सुचलं ते सगळं आटोपल्यावर.

“गेली जागा,” पडदा काळा झाल्यावर बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी खडूच्या हातानेच पुसलं. मास्तर कापडाची घडी करत राहिले. शब्द द्यायला त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

तीन वाजता बाईंच्या मोबाइलवर अध्यक्षांचा फोन आला. बाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

“अभिनंदन, मुख्याध्यापिका बाई,” अध्यक्ष म्हणाले. “शनिवारच्या सहा उमेदवारांनी आम्हाला ताटकळत बसवून पाऊण-पाऊण तास भाषणं दिली. तुम्ही नऊ प्रश्न, नऊ ओळी. सगळ्यांचं एकमत झालं.”

बाई खुर्चीवर बसल्याच. मास्तरांनी घसा खाकरला आणि मान वर केली.

“एक विचारायचं होतं,” अध्यक्षांनी आवाज खाली आणला. “तुमच्या संगणकाची ती व्यवस्था कुणी केली?”

“यजमानांनी. ते टेलर आहेत,” बाई म्हणाल्या.

“असं का. त्याचं असं आहे, आमच्या मंडळात एक सभासद आहेत. घरूनच बैठकीला बसतात, आणि एकदा सुरू झाले की दीड तास थांबत नाहीत. त्यांचाही संगणक हल्ली फार सावकाश चालतो म्हणतात. मास्तर जरा जाऊन माप घेऊन येतील का?”

मास्तरांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं आणि फोनजवळ सरकले.

“येतो की,” ते म्हणाले. “नुसता आवाजच काढायचा, की कॅमेरा पण?”