लिबरल शलमोनराव

चर्चमध्ये लोक बायबल घेऊन जातात; आमचे शेजारी शलमोनराव गायकवाड पेन्सिल घेऊन जात. पाद्रीसाहेबांचं प्रवचन सुरू झालं, की हे प्रार्थनेच्या छापील कागदाच्या समासात खुणा करत. सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. आठवडाभर दुसऱ्यांचे मसुदे तपासायचे. रविवारी देवाचा मसुदाही त्यांच्या हातून सुटत नसे.

चर्च सुटलं की ते थेट सदर भागातल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात येत. त्यांच्या पत्नी एस्तेरबाई शेजारच्या फाटकातून घरात जाऊन स्वयंपाकाला लागत आणि शलमोनराव आमच्या वेताच्या खुर्चीत बसून त्या दिवशीचे मतभेद वाचून दाखवत. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहिला, हे त्यांना मान्य नव्हतं. नरक मान्य नव्हता. पाण्याचा द्राक्षारस झाला, यावर त्यांनी 'पुरावा?' असं लिहून ठेवलं होतं. "देवाशी माझं भांडण नाही," ते म्हणत, "त्याच्या कारकुनांशी आहे. मी लिबरल ख्रिस्ती आहे." हे शेवटचं वाक्य इतक्यांदा ऐकू येई, की गल्लीत त्यांचं नावच 'लिबरल' पडलं. पोस्टमनसुद्धा "लिबरलसाहेबाचं पत्र तुमच्यापाशी ठेवून राहिलो" असं सांगून जाई.

बाकी माणूस सगळ्यांचा होता. गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत उभे राहत आणि आरती संपली की आमच्या उच्चारांतल्या चुका सांगत. ईदला शीरखुर्मा पिऊन येत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जात आणि तिथून परतणाऱ्या लोकांनाच बुद्ध समजावून सांगत. नाताळात आमच्याकडे त्यांच्या घरून बिनअंड्याचा केक येई. आम्ही अंडी खातो, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. एकदा तर त्यांच्याच घरी आमलेट खाता खाता सांगितलं होतं. पण त्यांच्या उदारपणाला आमचं सोवळं लागत असे.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं अंबाझरीला सहलीला गेलो. तळ्याकाठी चादरीवर टेकून शलमोनराव स्त्रीपुरुष समानतेवर तासभर बोलले. आमच्या हिला मी लग्नाच्या दिवसापासून पूर्ण स्वातंत्र्य दिलं आहे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा एस्तेरबाई उकिडव्या बसून स्टोव्हला पंप मारत होत्या. माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, की या स्वातंत्र्याचं तुम्ही काय करता? त्या हसल्या आणि कांदा चिरायला घेतला. त्या काटोलकडच्या. कमी बोलणाऱ्या. निदान आमची समजूत तशी होती.

मग एका वर्षी मार्चमध्ये रेल्वे फाटकापलीकडच्या मैदानात मोठा मंडप उभा राहिला. बाहेरगावचे कोणी एक प्रचारक आले होते. ते आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, लोक टाळ्या वाजवत, रडत, गात. तिसऱ्या दिवशी शलमोनरावांना कळलं, की आपली बायको रोज दुपारी तिथे जाते.

सगळ्या धर्मांना पुरून उरलेला त्यांचा उदारपणा इथे मात्र संपला. आमच्या व्हरांड्यात ते येरझारा घालत होते. टाळ्या वाजवून देव येत असता तर क्रिकेटच्या मैदानावर रोज आला असता, असं म्हणाले. पस्तीस वर्षं जिच्यासमोर आपण विवेकाच्या गोष्टी केल्या, तिनं जादूटोण्याच्या रांगेत उभं राहावं, हे त्यांना झोंबलं होतं. पण एकटं जायची हिंमत नव्हती. चर्चच्या मंडळींपैकी कोणी पाहिलं असतं. "तुम्ही चला," ते मला म्हणाले. "तुम्ही हिंदू आहात. तुम्ही कुठेही गेलात तरी चालतं."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून अर्धी रजा काढून आम्ही गेलो. मंडपाच्या कनातीला लागून, कोणाला दिसणार नाही असे उभे राहिलो. आत रांग होती आणि एस्तेरबाई पुढून चौथ्या होत्या. शलमोनराव दबक्या आवाजात मला त्या प्रचारकाच्या मराठीतल्या चुका सांगत होते. तेवढ्यात एस्तेरबाईंची पाळी आली. प्रचारकानं त्यांच्या तोंडापुढे माइक धरला आणि काय दुखतं, असं विचारलं.

वर बांबूला बांधलेल्या कर्ण्यातून त्यांचा आवाज आला. "डोळे, बापू. मले दिसत नाही. वर्ष होऊन राहिलं. बाजूचं समदं काळं झालं, मधात थोडंसं दिसते."

घरच्यांना सांगितलं का, असं त्यानं विचारलं.

"मालकाले नाही सांगितलं."

"काहून?"

एस्तेरबाईंनी माइक चाचपून जवळ ओढला. मग कर्ण्यातून ऐकू आलं, "ते बोलत राह्यतात, बापू. मधात सांगाले जागा भेटत नाही."

मंडपात काही बायका हसल्या. मी शलमोनरावांकडे बघायचं टाळलं. काही वेळानं पाहिलं तर ते जागेवर नव्हते. ते कनात उचलून आत शिरले होते आणि लोकांच्या पायांतून वाट काढत पुढे चालले होते. एस्तेरबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. हे त्यांच्या शेजारी गेले, इस्त्रीची पँट तशीच मातीत टेकवून बसले आणि खाली मान घातली. प्रचारकानं एक हात एस्तेरबाईंच्या डोक्यावर ठेवला, दुसरा यांच्या. यांनी तो झटकला नाही.

परतताना एस्तेरबाईंनी नवऱ्याच्या शर्टाची बाही धरली होती. रेल्वे फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबलो, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. चर्चला जाताना ही वर्षभर अशीच बाही धरते आहे, म्हणाले. "मी हिला म्हणायचो, की आपण सुधारलेली माणसं, रस्त्यात असं काय धरतेस."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं औषधानं टिकवू, असं म्हणाले. शलमोनरावांनी दिवसातून तीनदा थेंब घालायचं काम स्वतःकडे घेतलं. पोळ्याही करायला गेले. त्या आम्हीही खाल्ल्या आणि त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

त्यांची टीका काही बंद झाली नाही. मंडपवाल्यांना ते शेवटपर्यंत नावं ठेवत. पण आमच्याकडे येणं कमी झालं. एका रविवारी अकरा वाजून गेले तरी खुर्ची रिकामी, म्हणून मी कुंपणापाशी गेलो. दोघं त्यांच्या पायरीवर बसली होती. एस्तेरबाई लहानपणीची काहीतरी हकीकत सांगत होत्या. काटोलच्या बागेतली संत्री, कोणी एक मावशी, तिचं हरवलेलं जोडवं. गोष्ट लांब होती आणि त्यात पुष्कळ माणसं होती. मी हाक मारली. चहा झाला आहे, असं सांगितलं.

शलमोनरावांनी माझ्याकडे वळून न बघता हात वर केला.

"थांबा जरा," ते हळूच म्हणाले. "ही बोलून राहिली."