एक पान, एक सुई

सोनलला मुलगा झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. सोनल म्हणजे बायजाची थोरली नात. तिचा नवरा परेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात होता, त्याची त्याच वर्षी लुधियानाला बदली झाली. लुधियानाची थंडी मरणाची! तेव्हा सोनलला नववा महिना लागताच बायजाने माणगावजवळच्या आपल्या घराच्या ओटीवर जाहीर करून टाकलं, "पणतवंडाचा स्वेटर मी विणणार! आन् विणता विणता एक जाडजूड कादंबरीपण वाचून काढणार!"

"लुधियानाला स्वेटर?" तिची धाकटी जाऊ कमळ म्हणाली. "जाऊबाई, तिथं स्वेटरांचे कारखाने हायेत. उद्या काशीदच्या समुद्रकिनाऱ्याला पोतंभर वाळू पाठवाल!"

"कारखान्याच्या स्वेटरात पणजीचा हात असतो का?"

"हात नसंल, पण दोन बाह्या सारख्या असतात. वाचत वाचत विणलंत तर दोन्ही बिघडंल. म्हातारपणी अक्षरं शिकलात, तेवढं पुरे की!"

हे शेवटचं बायजाला मिरचीसारखं झोंबलं. ती अक्षरं शिकली बासष्टाव्या वर्षी, विनिताबाईंच्या प्रौढ साक्षरता वर्गात. लोकरीचं विणकाम शिकली चौसष्टाव्या वर्षी, बचत गटात. दोन्ही विद्या उशिरा घरात आल्या, म्हणून ती दोघींना एकत्रच नांदवायची. पोळपाट भिंतीला उभा करायचा, त्याला पुस्तक टेकवायचं, पानांना कपड्यांचे चिमटे लावायचे, की हात मोकळे! आता ओळी मोजत बसलं तर गोष्ट निसटते आणि गोष्टीत रमलं तर मोजणी निसटते. त्यावर तिने तोड काढली होती: एक पान, एक सुई. एक पान वाचून होईतो एक ओळ विणून व्हायची. किती विणलं हे बघायला पानाचा आकडा बघायचा, बास!

दुसऱ्याच दिवशी ती गावच्या वाचनालयात हजर.

"शिवदास, बर्फाचं पुस्तक दे."

शिवदास तिथला ग्रंथपाल, शिपाई आणि झाडूवाला, सगळं एकटाच. "काकू, लेखक कोणता देऊ?"

"लेखक कुठला का असंना! बर्फ किती हाय ते सांग."

तिचं बरोबरच होतं. कोकणातल्या चैत्रात मांडीवर लोकर घेणं म्हणजे ताप आलेलं मांजर घेऊन बसणं! पुस्तकात बर्फ पडत असेल तरच सुई हातात धरवते. म्हणून ती अनुवादच वाचायची. शिवाय आपल्याकडच्या कादंबरीत सासू सुनेला बोलली की तिला राग यायचा आणि टाके आवळले जायचे. परमुलखातली भांडणं कशी, लांबून बघता येतात. टोपडं तिने एका बारक्या जपानी कादंबरीवर विणलं होतं, मोजे रशियन कथांवर. मोजे जरा उदास झाले, पण ऊब भरपूर!

"हे घ्या," शिवदास म्हणाला. "नॉर्वेची कादंबरी. बेटावर दीपस्तंभ राखणारा म्हातारा, त्याची बहीण आणि एक नावाडी. पहिल्या पानापासून बर्फ. पानं दोनशे चव्वेचाळीस."

बायजाने बोटांवर हिशेब केला. पाठ चौसष्ट, पोट चौसष्ट, उजवी बाही बावन्न, डावी बाही बावन्न, उरली बारा ती गळ्याला. "अरे, माझ्याच मापाचं छापलंय!"

रोज दुपारी काम सुरू झालं. उशिरा शिकलेल्या माणसासारखी बायजा मोठ्याने वाचायची. तिचा नवरा अंबाजी समोरच्या बाकावर तोंडावर टॉवेल टाकून आडवा असायचा. "बायकांच्या गोष्टी कोण ऐकतंय!" हे त्याचं रोजचं पालुपद. पाठ झाली, पोट झालं, उजवी बाही झाली. आणि एकशे ऐंशीव्या पानावर लेखकाने सांगून टाकलं, की तिघांतला एक जण हा हिवाळा काढणार नाही!

बायजाच्या अंगावर काटा आला. ती अशी गुंगली, की जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात वाचू लागली. बाकावर अंबाजी मोठ्याने खोकला. दोनदा खोकला. ती ढिम्म!

मग डावी बाही. ही बाही काही केल्या सरेना. लोकरीला घाम लागू नये म्हणून विणलेला भाग फडक्यात गुंडाळलेला, सुईपाशी चार बोटं तेवढी उघडी. रोज बारा-बारा पानं व्हायची, रोज खुणेचा लाल लोकरीचा धागा ठेवून ती उठायची. गोष्टही कशी रेंगाळलेली! दीपस्तंभवाल्याने माशाचं सूप केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. "बर्फात दुसरं काय करंल बिचारा," बायजा म्हणायची. "आन् या परदेशी लेखकांना एकच गोष्ट दोनदा सांगायची खोडच हाय!"

बारशाच्या आदल्या दिवशी, सकाळी, दोनशे बत्तिसावं पान संपलं. तिने बाहीचे टाके बंद केले. शिवणीला कमळ आली, फडकं सोडलं, आणि बाही निघाली ती निघतच राहिली! ओटीवरून उतरून अंगणापर्यंत गेली!

"अगो बाय! ही बाही हाय का पाणदिवड साप?" कमळ किंचाळली. "पोराला हात हाय का हत्तीची सोंड?"

मोजल्या. बावन्नाच्या जागी एकशे एकवीस ओळी!

"सांगत व्हते ना? आकडेच वाचता येत न्हाईत तुमाला!"

बायजाचे डोळे भरून आले. सहा वर्षांची अक्षरं एका बाहीने पुसली जाणार होती. तिने तडक बाही गळ्यात टाकली, पुस्तक उचललं आणि वाचनालयाची वाट धरली. मागून कमळ, आणि तिच्याही मागून, का कोण जाणे, अंबाजी.

"शिवदास, तुझ्या पुस्तकात पानं जास्त भरलीत!"

शिवदासने एकेक पान मोजलं. दोनशे चव्वेचाळीसच.

"मग तीनदा सूप का केलं त्यानं?"

"एकदाच केलंय, काकू. हे बघा, पान दोनशे चार."

"मंग मी काय तीनदा वाचलं?"

शिवदास चाचरला. "पुस्तकात काही गडबड दिसतेय. असं करतो, हे ठेवून घेतो, दुसरं देतो."

"आरं थांब!" मागून आरोळी आली. "माझी पंचवीस पानं राहिल्यात!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अंबाजीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"तू मोठ्यानं वाचायचं बंद केलंस," तो पुटपुटला. "मग मी काय करू? तू इहिरीवर गेलीस की चार-पाच पानं वाचायचो. मी थांबायचो तिथं तुझा धागा ठेवायचो. तुझी खूण कुठं व्हती, ध्यानात ऱ्हायाचं न्हाय."

म्हणजे रोज बारा पानं पुढे जायची बायजा, आणि सात-आठ पानं मागे आणायचा अंबाजी!

"बघितलंस, कमळे?" बायजा म्हणाली. "माझे आकडे बरोबरच व्हते. बिघडलाय तो नवरा!"

कमळ तडक शिवणीच्या सुईत दोरा ओवायला घरी गेली.

त्या दुपारी बाकावर अंबाजी दोन्ही हात पुढे करून बसला होता, आणि कमळ एकोणसत्तर ओळी उसवून ती लोकर त्याच्या हातांभोवती गुंडाळत होती. समोर बायजा गळ्याची पट्टी विणत शेवटची बारा पानं वाचत होती. मनातल्या मनात. मध्येच "अगंबाई!" म्हणायची. मध्येच डोळे पुसायची.

"बायजे, मोठ्यानं वाच की गं!"

बायजाने चिमटा काढून पान उलटलं.

"निदान माझी पानं होईस्तवर काय बोलू नको हां!"

बायजाने शेवटचा टाका बंद केला, पुस्तक मिटलं, चष्मा काढून नीट पुसला आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगितलं,

"दीपस्तंभवाला म्हातारा मेला. पान दोनशे एक्केचाळीस, गुरुवारी सकाळी."