ब्याण्णवचे ब्याण्णव

लेकीच्या बाळंतपणासाठी बायको सहा महिने सातासमुद्रापलीकडे गेली, आणि त्या संध्याकाळी काटेसाहेबांनी सवयीनं दोन कप चहा केला. आपला प्यायले. मग समोरचा भरलेला कप बघून त्यांना इतकं भडभडून आलं की तोही प्यायले. (दुःखात साखर जास्त लागते, असं त्यांचं तेव्हाचं मत.) कप विसळताना ओट्याला आधी पोट टेकलं, हात नंतर पोचले, आणि तिथंच त्यांनी ठरवून टाकलं: ती येईपर्यंत दहा किलो कमी करायचे. विमानतळाच्या दारातून ती बाहेर येईल, आणि समोर उभा असेल तिनं लग्नात पाहिलेला तो सडपातळ तरुण. केस सोडून सगळा जसाच्या तसा.

काटेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ट्रक तोलायचा एक अवाढव्य काटा जमिनीत बसवलेला आहे. त्याच्या बाजूच्या केबिनीत, जिना चढून, वर बसायचं आणि वजनाच्या पावत्या फाडायच्या, ही त्यांची नोकरी. त्यामुळे जगात त्यांचा कशावर विश्वास असेल तर तो काट्यावर. ड्रायव्हर खोटं बोलतो, मालक खोटं बोलतो, आरसा तर जन्माचा लबाड. काटा बोलत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरी वजनकाटा आणला आणि त्यावर चढले. ब्याण्णव.

साखर बंद झाली. तळलेलं बंद झालं. सकाळ-संध्याकाळ चालणं सुरू झालं. संध्याकाळी चहा मात्र दोनच कप व्हायचा, बिनसाखरेचा; एक त्यांचा आणि एक तिच्या खुर्चीसमोरचा. या सगळ्याला साक्षीदार होत्या सासूबाई. (बायको गेली तरी बायकोची आई घरातच होती. नशीब सगळंच एकदम नेत नाही.)

"आज किती, जावईबापू?"

"ब्याण्णव."

"मी कालचं नाही विचारलं."

"आजचेच ब्याण्णव!"

"मग ह्या काट्याला दुसरा आकडा येतो तरी का हो?"

रविवारी बायकोचा व्हिडिओ कॉल यायचा. काटेसाहेब फोन असा धरायचे की पलीकडे त्यांचं अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा दिसे.

"अहो, पंखा छान फिरतोय. तुम्ही कुठे आहात?"

"इथंच आहे गं, खाली."

"वजनाचं काय झालं?"

"ब्याण्णव."

"असू द्या हो. वेळेवर जेवत जा. आईला त्रास देऊ नका." एवढ्यात तिकडे नात रडायची आणि कॉल बंद व्हायचा. पडदा काळा झाला तरी काटेसाहेब फोन तसाच धरून बसायचे. दारातल्या तिच्या चपला त्यांनी हलवल्या नव्हत्या. रोज त्यांनाच अडखळायचे, आणि अडखळल्यावर बरं वाटायचं.

महिना झाला, दोन झाले. उपास माणसानं करायचा आणि काट्यानं ढिम्म राहायचं? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काट्याचा संशय आला. ते त्याला बगलेत मारून सरळ कामावर घेऊन गेले. मोठा काटा तपासायला तिथं लोखंडी वजनं असतात, एकेक वीस किलोचं, सरकारी शिक्क्याचं. ती खालच्या गोदामात. काटेसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत दोन हातांत दोन वजनं उचलली, जिना चढले, पुन्हा उतरले, आणखी दोन आणली आणि चारही त्या छोट्या काट्यावर मांडली. ऐंशी. तंतोतंत. परत खाली नेली.

दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, काल काटा सावध असेल. पुन्हा वजनं वर, पुन्हा ऐंशी, पुन्हा वजनं खाली. असं ते रोज करू लागले. आरोपी रोज निर्दोष सुटत होता आणि फिर्यादी रोज घामाघूम होत होता.

दरम्यान पँट सैल होऊ लागली.

"सासूबाई, तुम्ही कपडे ताणून वाळत घालता."

"मी? पँटीला लोंबकळते का मी?"

मग पट्टा सैल झाला. (हल्ली चामडं पूर्वीसारखं राहिलं नाही.) मग शर्ट पोटावर सैल आणि दंडात घट्ट झाला. हा साबणाचा दोष. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, वजन सोडा हो. चरबी कमी होते तेव्हा स्नायू वाढले तर काटा जागचा हलत नाही. फितीनं कंबर मोजा."

"फीत कापडाची असते, बाळा. ओढावी तशी होते. काट्याचं बोल."

शेवटी काट्यानंच सांगितलं. एका दुपारी दोन ट्रक लागोपाठ आले. पहिला कापसाचा, माल असा फुगलेला की केबिनीच्या खिडकीत अंधार झाला. त्याच्यामागे सळयांचा, माल मागच्या फाळक्याच्या खालीच, लांबून बघावं तर ट्रक रिकामा. काटेसाहेबांनी दोन्ही पावत्या फाडल्या आणि दोन्हींवर वजन जवळपास सारखं बघून तसेच बसून राहिले. असले ट्रक त्यांनी जन्मभर तोलले होते. खालून ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि हे स्वतःच्या पोटाला हात लावून बघतायत.

कापूस उतरला होता. सळया चढल्या होत्या. आणि त्या सळया, काट्याला खोटं पाडायच्या नादात, रोज जिन्यावरून त्यांनी स्वतःच चढवल्या होत्या!

घरी येऊन त्यांनी सासूबाईंपुढे शिवणाची फीत धरली. सासूबाईंनी कंबरेला गुंडाळली, जुन्या पँटीच्या कंबरेशी ताडून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"अगं बाई! वीतभर माणूस गेला कुठे?"

"तिला सांगू नका," काटेसाहेब म्हणाले. "तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं."

पुढच्या रविवारी पंख्याखालून त्यांनी पुन्हा "ब्याण्णव" सांगितलं, पण कसं, तर लग्न ठरल्याची बातमी सांगावी तसं.

तो दिवस उजाडला. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत. काटेसाहेब विमानतळाच्या दाराशी सर्वांत पुढे उभे राहिले. माणसं येत होती, कुणाकुणाच्या गळ्यात पडत होती. आणि ती आली. ढकलगाडीवर डोंगराएवढ्या बॅगा, केस विस्कटलेले, जरा वाळलेली. सहा महिने जपून ठेवलेलं वाक्य काटेसाहेब साफ विसरले. त्यांनी नुसते दोन्ही हात पुढे केले.

तिची नजर गर्दीभर कंबरेच्या उंचीवरून फिरली. त्यांच्यावरूनही फिरली. मग तिनं चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांशी नेला आणि मान वर न करताच दोन जड बॅगा त्या पुढे आलेल्या हातांत दिल्या.

"दादा, टॅक्सीपर्यंत चला."

काटेसाहेब चालू लागले. दुसरं काय करणार? मागून तिचा आवाज येत होता, लेकीशी बोलताना.

"हो, पोचले गं. हमालही चांगला धट्टाकट्टा मिळालाय. तुझे बाबा मात्र दिसत नाहीत. एरवी काय, आधी पोट दिसतं, मग हे येतात. खरं सांगू? तिकडे तुमचं सगळं छान होतं, पण त्या पोटाला टेकून बसल्याशिवाय मला चहा गोड लागला नाही बघ."

बॅगा खाली ठेवून काटेसाहेब वळले. "अगं..."

तिनं चष्मा नाकावर ओढला. आधी चेहरा पाहिला, मग कंबर, मग पुन्हा चेहरा. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आजारी होतात! आणि मला कळवलं नाहीत!"

"आजारी नाही गं! वजन अजून ब्याण्णवच आहे!"

"मग कुठे आहे?"

काटेसाहेबांनी दंड फुगवून दाखवला. टॅक्सीत ती त्यांना टेकून बसली, अवघडली, सरकली, पुन्हा टेकली. "टोचतंय," म्हणाली, पण उठली नाही. मग बॅगेतून तिनं त्यांच्यासाठी आणलेले सहा शर्ट काढले, एक त्यांच्या छातीपुढे धरला आणि दोन्ही बाजूंनी उरलेलं कापड बघत राहिली.

"दुकान तिकडे राहिलं, आता परत कोण करणार? कापड चांगलं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच पहिल्यासारखे व्हा."