धोका शून्य

त्रिशूरला औसेप्पेट्टन यांच्या फोटो स्टुडिओत फोटो-व्हिडिओ साठवायला चार डिस्कची नवी पेटी आली. ती जोडायला आलेली शायनी त्यांना थोरल्या भावासारखं ‘चेट्टा’ म्हणत समजावत होती, "चेट्टा, चारही डिस्क एकत्र कशा वापरायच्या ते तुम्ही ठरवायचं. शून्य नंबर लावलात तर जागा भरपूर, वेगही मस्त. एक नंबरला प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती. आणि पाच नंबरला..."

तेवढ्यात फोन वाजला. औसेप्पेट्टन बोलून परतले तेव्हा त्यांना आकडे तेवढे आठवत होते.

"म्हणजे हे धोक्याचे आकडे ना? शून्य म्हणजे धोका शून्य!"

"उलटं, चेट्टा! शून्यात एक डिस्क गेली की सगळंच गेलं. लग्नांच्या व्हिडिओंसाठी पाच लावा, त्यात एक डिस्क गेली तरी काही जात नाही."

"हो हो, पोरी, पाचच लावतो," असं म्हणून तिची पाठ वळताच त्यांनी शून्य दाबलं. पाचपट धोका कोण पत्करतो?

तिसऱ्या आठवड्यात पेटीतून कट्‌कट् आवाज आला आणि एक डिस्क मेली. तिच्याबरोबर बाकीच्या तिन्हींवरचंही सगळं गेलं. त्यात कुरियाच्चन यांच्या मुलीचं लग्नही होतं. कुरियाच्चन म्हणजे बँकेचे निवृत्त मॅनेजर. स्टेपलरची पिन तिरकी लागली तरी चिडणारा माणूस.

शायनीला फोन करायचं औसेप्पेट्टनना धाडस होईना. शेवटी त्यांनी तिला "पेटी जरा रुसलीय" एवढाच निरोप पाठवला. आणि नेमके कुरियाच्चन दारात हजर!

"व्हिडिओ तयार आहे?"

"त्याचं असं झालं..." औसेप्पेट्टन पेटीसमोर आडवे उभे राहिले.

कुरियाच्चन यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "औसेप्पा, केकवरची मेणबत्ती विझवताना माझी कवळी उडून क्रीममध्ये पडली, ते आलंय का त्यात?"

"अगदी जवळून."

"आणि तो तुकडा विहिणबाईंच्या ताटात गेला, तेही?"

"तेही."

"मग सगळं पुसून टाक. हवं तर पाया पडतो."

औसेप्पेट्टनच्या अंगात एकदम बळ आलं. "तुमच्यासाठी मी ते केव्हाच पुसलंय! कुणाचा बाप आला तरी आता सापडायचं नाही."

कुरियाच्चन यांनी त्यांना कडकडून मिठी मारली. दोघांचेही डोळे पाणावले.

तोच दार ढकलून शायनी आत आली. "चेट्टा, रडू नका! सगळं शाबूत आहे. पेटीत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत आपोआप माझ्याकडे यावी, अशी सोय मी पेटी लावली त्याच दिवशी करून ठेवली होती. तुम्ही ऐकणार नाही हे तुमच्या तोंडावरच दिसत होतं. आणि नवऱ्या मुलाची आई माझ्या मागेच लागली होती, म्हणून तिला लग्नाचा व्हिडिओ पाठवूनही दिला."

मिठी हळूहळू सुटली.

कुरियाच्चनांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि विंचू धरावा तसा तो औसेप्पेट्टनच्या हातात दिला. "तू बोल."

पलीकडून विहिणबाई हसतहसतच बोलत होत्या, "भावजी, ते केकचं तेवढं वेगळं काढून द्यायला सांगा ना! आमच्या ह्यांना दाखवायचंय. माझी कवळी उडाली होती तेव्हा सहा महिने हसत होते मेले!"