बाटलीच्या मागे गेलेले बिराजदार

आमच्या म्हशीचं दूध कोण पितं, हे आम्हाला बिराजदारांमुळे कळलं. ते भाडेकरू म्हणून राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. सकाळी दुधाची गाडी आली आणि हे गृहस्थ पायजम्यावरच किटल्यांशेजारी चढून बसले. दुपारी परतले ते थेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात.

"वहिनी, तुमचं दूध भूगावच्या एका चहावाल्याकडं जायलंय. माणूस चांगला हाय. पण आलं लई घालतो."

गाडीत निम्म्या तालुक्याचं दूध एकत्र होतं. त्यातलं आमच्या म्हशीचं नेमकं कुठलं, हे यांनी कसं ओळखलं, ते विचारायचं मी टाळलं. कारण आमची ही दिवसभर हसतमुखानं वावरत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या चहावाल्याबद्दल सांगत होती.

माझं मुळशीत किराणा दुकान आहे. घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं देतो. तिथे शनिवारी-रविवारी पुण्याची मंडळी धरणाचं पाणी बघायला येतात आणि जाताना रिकाम्या बाटल्या ठेवून जातात. बारमाही टिकलेले भाडेकरू एकटे बिराजदार. लातूरकडचे, वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळे. अभयारण्याच्या कडेच्या गावांत काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला. जंगलाला धक्का न लावता तिथल्या बायकांना कमाई कशातून होईल, ते शोधायचं. मग ती वस्तू झुडपापासून खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत कुणाकुणाच्या हातून जाते, कुठे अडते, कुठे नासते, ते तपासायचं. ऑफिसात याला मूल्यसाखळी म्हणतात. वाडीवरच्या बायकांनी त्यातलं मूल्य सोडून दिलं आणि यांना नाव ठेवलं साखळीसाहेब.

साहेबांचा आवडता शब्द एकच, "पुढं?" मी म्हणालो, गुळाची ढेप विकली. "पुढं?" म्हटलं, गिऱ्हाईक घरी घेऊन गेलं. "पुढं?" आता गिऱ्हाइकाच्या घरात काय झालं, हे मला कसं माहीत असणार? पण यांचा जीव तिथेच अडकायचा. लग्नाची पंगत उठली की पाहुणे विड्याच्या मागे लागायचे आणि हे पत्रावळी कुठे जातात ते बघायला मांडवामागे जायचे. एका लग्नात नवरीच्या मामानं यांना आचाऱ्याचा माणूस समजून पातेली घासायला सांगितली. यांनी घासली आणि पाणी कुठे जातं ते पण पाहून आले.

मात्र स्वतःच्या घरात "पुढं?" म्हणायला त्यांना कुणी नव्हतं. लग्न केलेलं नाही. संध्याकाळी एका पातेल्यात खिचडी टाकायची आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खायची. आमची ही ताट पाठवायची, तर धुऊन पुसून, वर चार लिंबं ठेवून परत यायचं.

आता वाडीची गोष्ट. जंगलाला अगदी चिकटून एक वाडी आहे. तिथल्या पारूवहिनी आमच्या भावकीतल्या. नवरा पिरंगुटला कंपनीत. तो म्हणायचा, घराला कुलूप लाव आणि तिथे खोलीवर चल. पारूवहिनींचा पाय निघत नव्हता. त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, "बचतगटाचं काम संक्रांतीपत्तूर उभं राहिलं तर मी हितंच राहणार. न्हाई राहिलं तर येते मुकाट्यानं."

गटानं उन्हाळ्यात रानाच्या कडेच्या करवंदांचं सरबत करून पाहिलं. पुण्यातल्या एका प्रदर्शनात बाटल्या मांडल्या, तर दुपारपर्यंत टेबल रिकामं. संस्थेच्या मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की सरबताचं यंत्र घेऊ. यंत्र एकदाच मिळणार होतं आणि ते आलं की पारूवहिनींचं कुलूप टळणार होतं. सगळे पेढे वाटायच्या बेतात असताना बिराजदार मात्र तोंड पाडून बसले.

"अहो, सगळ्या बाटल्या विकल्या ना?" मी विचारलं.

"विकल्या. पुढं?"

मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. पण बिराजदार हटून बसले, "एक तरी बाटली शेवटच्या माणसापर्यंत बघून येतो. तवर यंत्र नगं." त्यांना बरोबर हवी तशी बाटली सापडली. पारूवहिनींनी घाईत एका बाटलीला उलटं लेबल चिकटवलं होतं. ती कोथरूडच्या एका बाईंनी हौसेनं निवडून घेतली होती आणि गटाच्याच लोणच्याची घरपोच ऑर्डर देताना पत्ताही दिला होता.

यंत्राचे पैसे दिवाळीनंतर सुटणार होते, म्हणून दिवाळी आटोपली तसे बिराजदार तपासाला निघाले. त्या बाईंनी दार उघडलं आणि आधी घाबरल्याच. त्यांना वाटलं, सरबतात काही निघालं. मग जरा लाजत म्हणाल्या, बाटली इतकी गोड दिसत होती की फोडवेना. मंगळागौरीला मैत्रिणीला दिली. मैत्रीण बाणेरला. तिनं ती गणपतीत मुलीच्या टीचरना दिली होती. टीचर वारज्याला राहत होत्या. तिथल्या सोसायटीत रखवालदारानं यांना खुर्चीवर बसवून ठेवलं आणि मला फोन लावला.

"आपके पहचान का आदमी है क्या? बोलता है, शरबत कहाँ गया देखने आया हूँ."

मी म्हणालो, "छोड दो भैया, सच बोल रहा है."

टीचरबाईंनीही बाटली फोडली नव्हती. त्यांनी ती दिवाळीची भेट म्हणून घरकामाच्या बाईंना दिली होती. ही घरकाम करणारी बाई म्हणजे पारूवहिनींची सख्खी नणंद. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका तिकडे कामाला आहेत. नणंद भाऊबीजेला, सणासाठी घरी आलेल्या भावाकडे वाडीवर आली आणि रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून बाटली घेऊन आली.

बिराजदार वाडीवर पोचले तेव्हा बाटली पारूवहिनींच्या फडताळात उभी होती. लेबल उलटं, झाकण जसंच्या तसं.

"आली म्हाघारी," पारूवहिनी म्हणाल्या. "मी कुनाला बोलले न्हाई. बोलले तर यंत्र जाईल, आन मग मला जावं लागंल."

खरं सांगतो, मी असतो तर मीही गप्प बसलो असतो. बिराजदारांनी मात्र सगळ्या बायकांना ओट्यावर गोळा केलं आणि बाटलीचा सगळा प्रवास सांगितला. आधी हसू फुटलं, मग एकेकीचा चेहरा उतरला. पाठवलेली पोर सासरी न नांदता परत यावी, तशी ती बाटली मधोमध ठेवली होती.

"बाटली लोक देतात. पीत न्हाईत," बिराजदार म्हणाले. "पण एक सांगू का? तिन्ही घरात मला एकच गोष्ट इचारली. तुमच्याकडं मुळशीचा आंबेमोहोर मिळंल का, खरा? दुकानात नाव असतंय, वास नसतोय. कोथरूडच्या बाईंनी तर डबा उघडून माझ्या नाकापाशी धरला. म्हणल्या, हुंगा, हाय का कायतरी?"

"तांदूळ तर आमी दरसाली देतोच की यापाऱ्याला," एक म्हातारी म्हणाली.

"देताय. पुढं?"

व्यापारी साळ नेतो, तिकडे ती दुसऱ्या साळीत मिसळते आणि वास तिथेच मरतो. आपला तांदूळ आपल्या नावानं कुणाच्या घरी शिजतच नाही, हे बायकांच्या तेव्हा ध्यानात आलं. साळ खळ्यावर नुकतीच येऊन पडली होती. भातखाचरं घरची, त्यामुळे जंगलात पाऊल टाकायचं कारण नाही, करवंदं पाखरांना आणि पोरांना मोकळी. तांदूळ वर्षभर टिकणारा, म्हणजे पावसाळ्यातही हाताला काम. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी थोडी खळखळ केली, मोठे साहेब चार दिवस रुसले. शेवटी सरबताच्या यंत्राऐवजी वाडीवर भात भरडायची लहान गिरणी आली.

पहिली पोती मीच माझ्या टेम्पोतून पुण्याला नेली. बिराजदार अर्थात पोत्यांवर बसले होते. त्या तिन्ही घरांत, त्यांच्या शेजारपाजारी तांदूळ हातोहात गेला आणि महिन्याच्या आत पुन्हा मागणी आली. दुसरी खेप भरायला वाडीवर गेलो, तर पारूवहिनी पोती शिवत होत्या. नवऱ्याला त्यांनी निरोप धाडला होता, रविवारी तूच येत जा.

बिराजदार ओट्यावर बसून कुणाचा तांदूळ कुणी खाल्ला ते सांगत होते. तुझ्या पायलीतला कोथरूडला गेला, आजोबा मेतकूट घालून खातात. बायका दाभण थांबवून ऐकत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बिराजदार, तांदूळ खपला, काम झालं. आता कशाला हिंडता घरोघर?"

ते खाली बघत म्हणाले, "आमची आई वाकळा शिवायची. जुन्या लुगड्याच्या. तालुक्याचा व्यापारी न्यायचा. एक वाकळ झाली की तिच्यावर हात फिरवायची आन आम्हाला इचारायची, कोण पांघरत असंल रं ही? आम्ही पोरं हसायचो. मी शिकलो, नोकरीला लागलो, म्हणलं एकदा शोधून तिला सांगू. तवर आई गेली." मग म्हणाले, "तिला कुणीच सांगितलं न्हाई."

इतकी वर्षं मी या माणसाची चेष्टा करत आलो होतो.

पारूवहिनींनी दाभण खाली ठेवलं.

"साहेब, त्या बाणेरच्या बाईच्या पोरीला भात मऊ लागतो का मोकळा?"

बिराजदारांचा चेहरा पडला. "ते इचारायचं राहिलंच की." ते उठून चपला शोधायला लागले. "उद्या जाऊन येतो."

"उद्या मी बी येते," पारूवहिनी म्हणाल्या. "मलाबी बघायचीय ती पोरगी."

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी नेहमीसारखी माझ्या दुकानासमोर थांबली. पारूवहिनी नवं लुगडं नेसून, डब्यात घावन घेऊन आल्या होत्या. बिराजदार आधी चढले. रोजची त्यांची जागा पुढची, एकट्याची. आज ते मागच्या बाकावर गेले, खिडकीकडे सरकले आणि खिशातला रुमाल काढून शेजारची जागा पुसू लागले.